मंदाआत्या, तुझ्या आत राहिलेली वायर

अन्याय झाला तो मंदाकिनी हिच्यावर. आधी राहणार खडकी, नंतर वारजे. झाला तो तिच्या पेसमेकरची पहिली बॅटरी बदलली त्या दिवशी, सकाळच्या पहिल्याच ऑपरेशनला, ती टेबलावर अर्धवट जागी असताना. छातीतली जुनी वायर बिघडली होती. डॉक्टरांनी ती काढली नाही. तिला तिथेच सोडलं, त्याच शिरेतून तिच्या शेजारून दोन नव्या वायरी हृदयापर्यंत सरकवल्या, वरून टाके घातले आणि सांगितलं, छान झालं. जुनी आतच आहे हे सांगितलं नाही. तिला नाही आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या भावालाही नाही.

आत्या, हसू नकोस. मला सुरुवात अशीच करता येते. तूच म्हणायचीस, सुजाता चहाला बोलावते तेसुद्धा कलेक्टरला निवेदन दिल्यासारखं. तू गेल्यापासून मी रोज लिहायला बसते आणि रोज पत्रकच बाहेर पडतं. पप्पा म्हणाले, साधं लिही, ती कशी होती ते लिही. पप्पांचं ठीक आहे. त्यांना तू त्यांची धाकटी बहीण म्हणून आठवतेस, झाडावर चढणारी. मला तू आठवतेस ती जमिनीवर पडलेल्या वस्तूकडे वरूनच बघणारी. पेन पडलं, चमचा पडला, दहाची नोट पडली, तू नुसती बघायचीस आणि म्हणायचीस, "खाली पडलं ते माझं नाही." आम्ही पोरं धावत जाऊन उचलायचो. आम्हाला तो तुझा रुबाब वाटायचा.

रुबाबाचं मी काय घेऊन बसले, सगळ्या खडकीनेच तुझा रुबाब करून ठेवला होता. आपल्या विहारात वंदनेला सगळे गुडघ्यावर बसून कपाळ जमिनीला टेकवतात. तीनदा. तू मागे खांबाशी हात जोडून उभी. आधी कुणी काही बोललं नाही. आपल्यात कुणी कुणाला जबरदस्ती करत नाही, ही आपली चांगली सवय. पण आपली दुसरी सवय अशी की जे दिसतं त्यातून लगेच विचार काढायचा. मग झालं सुरू. मंदाताई डोकं टेकवत नाहीत, त्यांना बुद्ध नीट कळलाय, मूर्तीपुढे वाकायचं नसतं, विचारापुढे उभं राहायचं असतं. एका काकांनी तर यावर अर्धा तास भाषण केलं, आणि तू त्या भाषणालाही मागे खांबाशी उभीच होतीस. माझ्या भावाच्या, राहुलच्या लग्नात नव्या सुनेच्या आजी, चांगल्या नव्वदीच्या, पाय पुढे करून बसल्या होत्या. तू लांबून हात जोडलेस, तब्येत विचारलीस आणि पुढे गेलीस. आजी नाराज झाल्या. आपल्याकडच्या सगळ्या बायका खूश झाल्या. तू कामाला होतीस त्या फॅक्टरीत स्टोअरला नवा साहेब आला तेव्हा म्हणे बाकीचे कमरेत लवून नमस्कार करत होते आणि तू ताठ. ही गोष्ट तर क्वार्टरच्या तीन लाइनींमध्ये फिरली.

आणि मग आठ मार्च आला. आमच्या बायकांच्या गटाच्या पत्रकासाठी मला चार ओळी हव्या होत्या आणि मी लिहून टाकलं: माझी आत्या कुणापुढेही वाकत नाही. देवापुढे नाही, साहेबापुढे नाही, रीतीरिवाजापुढे नाही. तू वाकशील का, मैत्रिणी? खडकी स्टेशनच्या बाहेर वाटलं आम्ही ते. एक प्रत तुला आणून दिली. तू चष्मा लावून ओट्याशी उभ्या उभ्या वाचलंस, पुन्हा एकदा वाचलंस.

"झकास लिहिलंयस," तू म्हणालीस. "पण अगं, मला वाकताच येत नाही. वाकलं की डोकं फुटायला येतं. साहेबापुढे वाकता आलं असतं तर एव्हाना बढती मिळाली असती."

मला आधी वाटलं तू चेष्टा करतेयस. आपण दोघी हसलोसुद्धा. मग मी विचारलं, कधीपासून? आणि तू हिशेब लावत बसलीस. बॅटरी बदलल्यावर काही वर्षं बरी गेली. मग कपाळ जड व्हायला लागलं. सकाळी उठलं की डोळे सुजलेले. मग ब्लाउजचा गळा काचायला लागला. तू शिंप्याशी भांडलीस. पुढच्या ब्लाउजला पुन्हा भांडलीस. बाजारातले तीन शिंपी बदललेस आणि तिघांनाही सांगितलंस की तुम्हाला माप घेता येत नाही. बिचारे. तुझी मान जाड होत होती आणि कात्री त्यांची बदनाम. वाकलं की चेहरा तापायचा, कानात आवाज, डोळ्यांपुढे काळं. तेव्हा तू वाकणंच सोडून दिलंस. कुणाला सांगितलं नाहीस, कारण लोकांनी त्याचा अर्थ आधीच लावून ठेवला होता आणि तो तुला आवडलाही होता. हे तू मला स्वतःच सांगितलंस, डाळ घोटता घोटता. म्हणालीस, दुखतं म्हणून सांगण्यापेक्षा ताठ आहे म्हणून ऐकणं बरं वाटायचं.

सगळ्या वस्तीने एका आजाराला स्वाभिमान समजून टाळ्या वाजवल्या. हे आपल्याच लोकांकडून होऊ शकतं, आत्या. दुसऱ्या कुणाची बाई वाकेनाशी झाली असती तर त्यांनी आधी डॉक्टर गाठला असता.

पण डॉक्टर तरी काय करणार होते? तू गेली नव्हतीस असं नाही. एकाने सांगितलं वजन कमी करा. एकाने थायरॉइड तपासलं, ते ठणठणीत निघालं, तर म्हणाला मग टेन्शन असेल. तिसऱ्याचं वाक्य तू इतक्यांदा ऐकवलंस की मला त्याचा चेहराही पाठ झालाय, जरी मी तो पाहिलेला नाही. तो म्हणाला, या वयात बायकांना चेहरा सुजल्यासारखा वाटतो. तू म्हणालीस, मला वाटत नाही, तुम्हाला दिसतो. त्याने लिहिता लिहिता मानही वर केली नाही. पेसमेकरची तपासणी मात्र दर सहा महिन्यांनी व्हायची. मशीनची पट्टी छातीवर ठेवायचे, मशीनकडे बघायचे, बॅटरी उत्तम, या. सगळे मशीन बघत होते. मशीन ज्या बाईत बसवलंय ती बाई कुणी बघत नव्हतं.

तेव्हा शहराला एक नवी घाई झाली होती, तुला आठवतं. वारज्याच्या टेकडीपर्यंत बिल्डिंगा चढल्या, राहुल सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा आणि रात्री मोबाइलवर अमेरिकेशी बोलायचा. दवाखान्यांना काचेचे दरवाजे आले, आत थंडगार हवा, पेशंटला सर आणि मॅडम. सगळं छान झालं. फक्त पेशंटशी बोलायला वेळ उरला नाही. राहुलच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील होते, बायको होती, आत्या बसत नव्हती. आत्या हे नातंच त्यांच्या संगणकात नव्हतं. तू म्हणालीस, बरंय, मी त्यांच्या हिशेबात नाही म्हणजे अजून जिवंत आहे.

सदाशिव पेठेतल्या त्या डॉक्टरबाई मात्र वेगळ्या निघाल्या. जिना चढून वर, एवढीशी खोली, बाहेर स्कूटरींची गर्दी, आत पंखा आणि एक टेबल. तरुण होत्या, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. तू नेहमीचं सांगायला लागलीस, वाकलं की, सकाळी उठलं की. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, वाकू नका, दोन्ही हात डोक्यावर धरा आणि तसेच ठेवा.

"का हो? दरोडा पडलाय का?" तू म्हणालीस.

त्या हसल्या, पण हात खाली घेऊ दिले नाहीत. आणि मी बघितलं. मी आयुष्यभर तुला बघत आले होते आणि तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तुझा चेहरा लाल झाला, मग जांभळा, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. डॉक्टरबाईंनी हात खाली घ्यायला लावले आणि हळूच विचारलं, गळ्याचं बटण काढता का? तू माझ्याकडे बघितलंस. मी बाहेर जाऊ का विचारलं, तू नको म्हणालीस. खाली, गळ्यापासून छातीवर, खांद्यावर, निळ्या शिरांचं जाळं. वर्षानुवर्षं बंद गळ्याच्या ब्लाउजखाली झाकलेलं. आधीच्या सगळ्यांनी ब्लाउजवरूनच स्टेथोस्कोप टेकवला होता, सभ्य माणसं होती ती. तुला वाटायचं वयामुळे कातडी पातळ झाली.

मग डाय टाकून तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी चित्र समोर धरून मराठीत समजावलं. हातांकडून, डोक्याकडून रक्त हृदयात नेणारी मोठी शीर आहे. पेसमेकरच्या वायरी तिच्यातूनच गेल्यात. वायरींच्या घर्षणाने शिरेची भिंत जाड होत गेली, चिकटत गेली, आता ती जवळजवळ बंद आहे. रक्ताला खाली उतरायला जागा नाही म्हणून चेहरा सुजतो, आणि शरीराने आपले आपण बारीक आडरस्ते काढलेत, तेच हे निळे. तुम्ही त्या आडरस्त्यांवर जगताय. तू सगळं शांतपणे ऐकलंस. मग त्या सहज म्हणाल्या, आणि एका शिरेत तीन वायरी म्हणजे गर्दीच झाली ना.

तू म्हणालीस, "दोन."

त्या म्हणाल्या, तीन. चित्रात बोट फिरवून एकेक दाखवली. ही एक, ही दुसरी, आणि ही जुनी, हिचं वरचं टोक बंद करून ठेवलंय. ही काहीच करत नाही.

तू चष्मा लावून चित्र जवळ ओढलंस. चिडली नाहीस. खोलीत चिडलेली मीच एकटी होते. तू विचारलंस, ही काही करत नाही तर इथे कशाला आहे? डॉक्टरबाईंनी खरं सांगितलं. जुनी वायर काढणं धोक्याचं असतं, ती शिरेला चिकटलेली असते, म्हणून पुष्कळदा सोडून देतात. ते चूकच असं म्हणता येणार नाही. पण दोन नव्या घालताना शीर किती उरलीये ते बघायला हवं होतं. आणि तुम्हाला सांगायला हवं होतं.

आपण सांगायला लावायला गेलो ना? बॅटरी बदलली त्या मोठ्या दवाखान्यात, त्याच डॉक्टरांकडे. दोन तास बसवलं. मी रस्त्यातच मुद्दे पाठ करून आले होते. पण बोललीस तू. विचारलंस, जुनी वायर आत आहे हे मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, त्याने काही फरक पडत नाही, चालतं. तू विचारलंस, कुणाला चालतं? त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.

"डॉक्टर, मला ठाऊकच नाही ते मी विचारू कसं?"

एवढंच बोललीस. उठलीस, पर्स घेतलीस, चल म्हणालीस. मला तुझा राग आला, अजून आहे. मी तिथे टेबलावर हात आपटायला तयार होते आणि तू मला जिन्यावरून विचारत होतीस की येताना कोथिंबीर घ्यायची का.

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते संपलं नाही. मला तक्रार करायची होती. ग्राहक मंच, मेडिकल कौन्सिल, पत्रकार परिषद, सगळं. मला वायरी काढून हव्या होत्या, दूरच्या शहरात एक डॉक्टर ते करतात असं राहुलने इंटरनेटवर शोधून काढलं होतं. परदेशातल्या पेशंटांची बोलणी छापून आणली होती त्याने, गठ्ठाच्या गठ्ठा. तू ती सगळी वाचलीस, शब्दकोश घेऊन. मग दोन्हीला नाही म्हणालीस. वायरी काढताना शीर फाटली तर टेबलावरच संपायची शक्यता आहे, हे तुला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तू म्हणालीस, मला पहिल्यांदा कुणी सगळं नीट सांगितलंय, आता ठरवू मी. आणि तक्रारीला म्हणालीस, नंतर बघू. मी म्हणाले, तुझ्यासारख्या सहन करतात म्हणून यांचं फावतं. तू म्हणालीस, "सहन तू करतेयस. माझी भाजी करपायला लागलीये."

मी तेव्हा दोन आठवडे तुझ्याकडे जेवले नाही. तू पप्पांबरोबर डबा वरच्या मजल्यावर आमच्या घरी पाठवत राहिलीस. मी तोही खात होते, हे तुला माहीत होतं, कारण डबा रिकामा खाली यायचा.

तू ते आयुष्य कसं मांडलंस, हे मला आता एकेक करून आठवतंय. झोपायला तीन उश्या, मग उश्या घसरतात म्हणून आरामखुर्ची. घरातली प्रत्येक वस्तू कमरेच्या वर. पिठाचा डबा, चपला, रद्दीसुद्धा. विळीवर बसून चिरता येईना तर तू विळी जेवणाच्या टेबलाला स्क्रूने पक्की केलीस. सुरीने चिरलेल्या वांग्याला चव नसते म्हणे. घरी आलेला प्रत्येक माणूस त्या टेबलावरच्या विळीकडे बघून आधी दचकायचा. सुताराने स्क्रू लावायला नकार दिला तेव्हा तू त्याला म्हणालीस, मीटिंग टेबलावर करतात तशी ही माझी मीटिंग. साडीच्या निऱ्या वाकून सारख्या करता येईनात, तर पन्नाशी ओलांडल्यावर तू पंजाबी ड्रेस शिवलेस, मोठ्या गळ्याचे. ते निळं जाळं दिसेल म्हणून मी ओढणी पुढे घेऊन दिली. तू ती मागे टाकलीस. म्हणालीस, तीन शिंप्यांची माफी अशीच मागायची असते.

वारज्याच्या सोसायटीतल्या बायकांना तुझा सकाळचा चेहरा दिसला की वाटायचं, बाई रात्रभर रडली. एकटी राहते, लग्न नाही, दुसरं काय. तुझी सोयरीक मोडली ती पेसमेकरमुळे की तुझ्या जिभेमुळे, यावर घरातच दोन मतं होती, पण सोसायटीतल्या बायकांचं एकमत होतं. समोरच्या काकू एकदा डिंकाचे लाडू घेऊन आल्या आणि तुझा हात धरून म्हणाल्या, अहो, मन मोकळं करा. तू म्हणालीस, मन मोकळंच आहे, शीर तुंबलीये. मग त्यांना बसवून सगळं समजावलंस, चित्र काढून. काकू पुढे लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सगळ्यांना तेच समजवायच्या, निम्मं चुकीचं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुझ्या दारातलं वर्तमानपत्र उचलून कडीला अडकवायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत केली. तुला वाकायला लागू नये म्हणून. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर आभार मानायचे राहिले होते. लाडूंचेही.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आणि तुझं जेवण बदललं. पालेभाजी रोज एकसारखी खायची, एक दिवस भरपूर आणि एक दिवस काहीच नाही असं चालायचं नाही, गोळीचं गणित बिघडतं. जरा कुठे आपटलीस की हातावर काळानिळा डाग. राहुल तुला धीर द्यायला म्हणाला, आत्या, हे आपल्या हिंजवडीच्या रस्त्यासारखंच आहे, मेन रोड जाम, लोक गल्लीबोळातून जातात. तू म्हणालीस, तू रोज किती वाजता पोचतोस? तो म्हणाला, उशीर होतो. तू म्हणालीस, मग मलाही होणार. मी म्हणाले, शरीर स्वतःचा मार्ग काढतं यात केवढा विचार आहे बघ. तू हात वर केलास. भाषण नको.

आत्या, मला तुझा सगळ्यात अभिमान कधी वाटला सांगू? विहारात. सगळं कळल्यावर पहिल्याच पौर्णिमेला तू वंदना संपल्यावर पुढे गेलीस. त्या काकांना, भंतेजींना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस की मी वाकत नाही ते विचाराने नाही, आजाराने. मला वाकता आलं असतं तर मी तिन्ही वेळा वाकले असते. कुणी माझं उदाहरण देऊ नका. काकांचा चेहरा पडला, त्यांचं अर्ध्या तासाचं भाषण वाया गेलं ना. मला ते नको होतं, खरं सांगते. मला ती ताठ बाई हवी होती. पण तू घरी येताना रिक्षात म्हणालीस, आता हलकं वाटतंय. त्या दिवशी रांगेतल्या एक आजी तुझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, बाई, माझ्या छातीतही डबी आहे, माझ्यात किती वायरी असतील गं? तू विचारलंस, डॉक्टरांना विचारलंत का? त्या म्हणाल्या, त्यांना कसं विचारायचं.

त्यानंतर तू त्या आजींबरोबर त्यांच्या तपासणीला गेलीस. मग आणखी एकांबरोबर. मला न सांगता. मी मोर्चे काढत फिरत होते आणि तू दवाखान्याच्या बाकांवर बसून म्हाताऱ्या माणसांना एक प्रश्न विचारायला शिकवत होतीस. हे मला तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कळलं. आजींच्या मुलाने सांगितलं. म्हणजे 'नंतर बघू' म्हणून मी ज्याला पळवाट समजले ते तू कधीच सुरू केलं होतंस. सांगितलं का नाहीस? मी त्याला नाव दिलं असतं, समिती केली असती, बॅनर छापला असता. म्हणूनच सांगितलं नसशील.

शेवटच्या आठवड्याचं लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. न्यूमोनिया झाला. तुझी शीर तुला घेऊन गेली असं मी खोटं लिहिणार नाही. दाखल्यावर न्यूमोनिया आहे आणि तो खरा आहे. पण दाखल करताना दोनदा सांगूनही त्यांनी हाताला सलाइन लावलं. तुंबलेल्या रस्त्यात आणखी पाणी. तासाभरात हात उशीसारखा फुगला, चेहरा ओळखू येईना. मी आरडाओरडा केला, मला बाहेर काढलं. काचेतून मला दिसत होतं. नर्स आली, केरळची होती, कोवळी मुलगी, हिंदी जेमतेम. तू तोंडावरचा मास्क जरा बाजूला केलास आणि तिला हाताने दाखवलंस, मानेपासून छातीपर्यंत. नंतर तिनेच मला सांगितलं तू काय म्हणालीस ते, "सिस्टर, ये रास्ता बंद है." तिने विचारलं, तो कहाँ से? आणि तू पायाकडे बोट दाखवलंस. तिने सुई काढली, डॉक्टरांना बोलावलं, पायाला लावलं. आत्या, एवढ्या वर्षांत तुझं ऐकून घेऊन पुढचं विचारणारी, डॉक्टरबाईंनंतर ती दुसरीच. तिचं नाव विचारायचं राहिलं.

संध्याकाळी सूज उतरली. तू मला ओळखून म्हणालीस, एवढं ओरडतेस, घसा बसेल. हे आपलं शेवटचं बोलणं. त्यात भांडण मिटवायला जागा नव्हती. मी फक्त तुझा पाय धरून बसले होते, सलाइनच्या सुईला धक्का लागू नये म्हणून. बाहेरून कुणाला वाटलं असेल, पोरगी आत्याच्या पाया पडतेय.

तू गेलीस त्या सकाळी एक डॉक्टर कागद घेऊन आला. विद्युतदाहिनीत बॅटरीचा स्फोट होतो, म्हणून ती काढावी लागेल, सही करा. पप्पांनी केली. मी विचारलं, आणि वायरी? तो म्हणाला, त्या कापून आतच ठेवतो, आता काय फरक पडतो. चांगला मुलगा होता, थकलेला, त्याच्यावर माझा राग नाही. पण तेच वाक्य, आत्या. जिवंतपणी तेच आणि मेल्यावर तेच. मी त्याला म्हणाले, किती आहेत ते तरी मला सांगा. तो म्हणाला, दोन असतात. मी म्हणाले, तीन आहेत, लिहा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं.

तुझी आठवण म्हणून फोटोला हार घालायला सगळे येतील. ते तुला चालेल. मला आता त्यांच्याशी बोलायचंय, तू जरा बाजूला बस.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात, शेजारात, विहारात, देवळात, कुणाच्या तरी छातीत पेसमेकर आहे. पुढच्या तपासणीला त्यांना एकटं पाठवू नका. सोबत जा. डॉक्टर म्हणतील, बॅटरी उत्तम आहे, या. तेव्हा उठू नका. विचारा: आत वायरी किती आहेत? त्यातल्या चालू किती, सोडून दिलेल्या किती? नवी घालायच्या आधी शीर उघडी आहे का ते बघणार आहात का? चेहरा सुजतो, मान जाड होते, वाकवत नाही असं माणूस सांगत असेल तर ब्लाउजचं, शर्टाचं बटण काढून नीट बघा म्हणा. उत्तर मराठीत मागा. ते म्हणतील, विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता तुम्हाला माहीत आहे. विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या खुर्चीतून हलू नका.